राज्य कोणावर? दुर्बोध चित्रपट आणि प्रेक्षकाचे दायित्व

१

दुर्बोधता हा मराठी समीक्षेला नवा विषय नाही. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर या विषयावर इतके लिहिले गेले की त्यातून दुर्बोधतेची एक लहानशी मीमांसाच सिद्ध झाली. अनुभवाच्या व्यामिश्रतेतून येणारी दुर्बोधता निराळी, कवीच्या खाजगी संदर्भांतून येणारी निराळी, आविष्काराच्या अपुरेपणातून येणारी निराळी आणि वाचकाच्या आळसामुळे नुसती भासणारी निराळी, हे आपण अजूनही वर्गात शिकवतो आणि ते उपयोगीही पडते. मात्र ही सारी चर्चा कवितेच्या अनुषंगाने झाली. कवितेचा वाचक एका बाबतीत सुखी असतो: अडलेल्या ओळीपाशी त्याला थांबता येते, मागे जाता येते, पुस्तक मिटून उद्या पुन्हा उघडता येते. चित्रपट थांबत नाही. न कळलेल्या प्रतिमेवर दुसरी न कळलेली प्रतिमा येऊन पडते आणि प्रेक्षक काळोखात, इतरांच्या सोबतीने, मागे पडत जातो. फिल्म सोसायटीच्या दिवसांत तर एखादा चित्रपट आयुष्यात एकदाच दिसायचा आणि पुढे वर्षानुवर्षे आठवणीतच पाहावा लागायचा. आता तो हातातल्या फोनवर थांबवता येतो, आणि त्याच फोनवर त्याचा शेवट समजावून सांगणाऱ्या चित्रफिती तयार असतात. या सोयीने दुर्बोधता कमी झाली असे मला वाटत नाही. तिच्यासमोर उभे राहण्याचा काळ तेवढा कमी झाला.

‘अतिवास्तव’ ही संज्ञा या लेखात आंद्रे ब्रेतों यांच्या १९२४ च्या जाहीरनाम्यातील काटेकोर अर्थाने वापरलेली नाही. ज्या चित्रपटांत कार्यकारणाची साखळी तुटते, स्वप्न कोठे सुरू झाले आणि जाग कोठे आली याची खूण दिली जात नाही, आणि पाहणाऱ्याला ‘हे काय चालले आहे’ असे विचारावेसे वाटते, ते सर्व चित्रपट येथे अभिप्रेत आहेत. अशा चित्रपटांविषयी नेहमी विचारला जाणारा प्रश्न ज्ञानाचा असतो: याचा अर्थ कसा लावावा? मला विचारावयाचा प्रश्न त्याच्या शेजारचा, पण नैतिक स्वरूपाचा आहे. अर्थ लावताना आपण कोणाचे काही हिरावून घेतो काय? आणि ‘मला कळले नाही’ असे म्हणून उठून जाण्याचा आपल्याला कितपत अधिकार आहे?

हा प्रश्न मला पुस्तकातून सुचला असता तर त्याचा अधिक भारदस्त प्रारंभ करता आला असता. तो एका उत्तरपत्रिकेतून सुचला.

२

अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) एका महाविद्यालयात मी पदव्युत्तर वर्गांना मराठी शिकवतो. साहित्य आणि चित्रपट यांच्या परस्परसंबंधावरील एका अभ्यासपत्रिकेसाठी काही वर्षांपूर्वी मी उमेश विनायक कुलकर्णी यांचा ‘विहीर’ (२००९) दाखवला होता. हा चित्रपट रूढ अर्थाने अतिवास्तव नव्हे. त्यात घड्याळे वितळत नाहीत. परंतु त्याच्या उत्तरार्धात प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन हळूहळू नाहीशी होते. समीर आणि नचिकेत ही एकमेकांच्या नात्यातली दोन मुले. त्यांची पत्रे, घरातले लग्न, पोहणे, लपाछपी. सगळ्यांपासून दूर जावे असे नचिकेतला वाटू लागलेले आहे आणि ते समीरला कळत नाही. पुढे नचिकेत विहिरीत बुडून मरतो. येथे गोष्ट संपावयास हवी, पण येथूनच ती सुरू होते. समीर त्याला शोधू लागतो. मेलेल्या मुलाला जिवंत मुलगा शोधतो आहे हे वेड आहे, रूपक आहे, की आपल्याला न दिसणारे काही खरोखरच घडते आहे, याचा निर्वाळा चित्रपट देत नाही. तो माळावर हिंडतो, त्याला एक म्हातारा मेंढपाळ भेटतो, पडद्यावर बराच वेळ फारसे काही घडत नाही, आणि अखेर पुन्हा ती विहीर.

खेळ संपल्यावर वर्गात जी शांतता पसरली ती माझ्या परिचयाची होती. विद्यार्थ्यांना काही बोलावेसे वाटत होते, पण शिक्षकाला अपेक्षित असलेले उत्तर काय, याचा आधी अंदाज घेणे त्यांना आवश्यक वाटत होते. मी तो अंदाज पुरवला. नचिकेत हे नाव योगायोगाने आलेले नाही, असे म्हणून मी कठोपनिषद सांगितले: यमाच्या दारी तीन रात्री थांबलेला मुलगा, तीन वर, मृत्यूनंतर काय उरते हा तिसरा प्रश्न. मग विहीर म्हणजे गर्भ, विहीर म्हणजे अव्यक्त, पाणी म्हणजे काय ते वेगळे सांगावयास नको. पेने चालू लागली. शांतता मोडली. सर्वांना हायसे वाटले, मलाही.

परीक्षेत बहुतेक उत्तरांत यम आला. एका उत्तरपत्रिकेत तो नव्हता. नेवासे तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने चित्रपटात काय काय दिसले ते क्रमाने, जवळजवळ दृश्यागणिक, साध्या वाक्यांत लिहून काढले होते. उजेड कोठून येत होता, कोण कोणाकडे पाहत नव्हते, आवाज केव्हा थांबला. शेवटी एकच विधान होते आणि ते साधारण असे होते: समीरवर राज्य आहे, ज्याच्यावर राज्य असते त्याने खेळ अर्धा टाकून घरी जायचे नसते. मी वीसांपैकी नऊ गुण दिले आणि समासात लिहिले, ‘कथन आहे, अर्थनिर्णयन नाही.’

पुढे एकदा त्याने आपण होऊन विषय काढला. तक्रार नव्हती. तो म्हणाला, “सर, आमच्याकडं भजनात काट्यावरच्या गावांचा अभंग म्हणतात. कोणी मध्येच थांबून विचारत नाही.” मी हसून विषय टाळला, कारण पुढचा तास होता.

३

त्याने सांगितलेला अभंग ज्ञानदेवांच्या नावावर आहे. काट्याच्या टोकावर गावे वसतात, त्यांतली काही ओसाड आणि एक तर वसलेच नाही. मग त्या गावांत कुंभार येतात, मडकी होतात, आणि अशक्याची साखळी पुढे चालत राहते. मुक्ताबाईंच्या नावावर असलेल्या कूटात एक मुंगी सूर्य गिळते. विसाव्या शतकातील पॅरिसला हे ठाऊक असते तर त्याने ते हक्काने आपल्या प्रदर्शनात मांडले असते. ही तुलना मी पुढे नेणार नाही, कारण ती आपल्याकडे फार लवकर गर्वाच्या दिशेने जाते. मला एक साधी गोष्ट सांगावयाची आहे. कूटाची उकल आपल्या परंपरेत होतेच. कीर्तनकार उभा राहतो आणि तीन गावे म्हणजे काय, न वसलेले गाव कोणते, हे सांगतो. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याचे विधान अर्धेच खरे होते. परंतु उकल झाल्यावर काय होते ते पाहावे: अभंग पुन्हा धरला जातो, पहिल्यापासून. टाळकरी तो उकललेला अभंग म्हणत नाहीत, मूळचाच म्हणतात. काट्यावर गाव तसेच राहते. उकलीने प्रतिमा खर्ची पडत नाही. आम्ही वर्गात केली ती उकल मात्र अशी होती की ती झाल्यावर ‘विहीर’ पुन्हा पाहण्याची कोणालाच गरज वाटली नाही.

नेवासे ही टीकेची जागा आहे, हे येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवरील टीका सांगितली असे परंपरा मानते तो खांब तेथे आहे, आणि दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ (१९७०) या पुस्तकात त्या खांबावर एक लेख आहे. मराठीत ‘टीका’ या शब्दाला पुढे दोष काढण्याचा अर्थ चिकटला. त्या टीकेचा मूळ स्वभाव मूळ संहितेपेक्षा मोठे होत जाण्याचा, तिला वाढवण्याचा आहे. सातशे श्लोकांवर नऊ हजारांच्या ओव्या झाल्या. आमची अर्थनिर्णयने नेमकी उलट दिशेने जातात. दोन तासांचा चित्रपट आम्ही ‘मृत्यूचे तत्त्वज्ञान’ या दोन शब्दांत आणून ठेवतो.

असे का होते, याचे एक उत्तर संस्कृत काव्यशास्त्रात मिळू शकते. मम्मटाने लक्षणेच्या ज्या अटी सांगितल्या आहेत त्या सर्वपरिचित आहेत: मुख्यार्थाला बाध आला पाहिजे, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी काही संबंध पाहिजे, आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन पाहिजे. गंगेवर गवळ्यांची वस्ती असू शकत नाही हा बाध. तीर गंगेला लागून आहे हा योग. शीतलता आणि पावित्र्य सुचवणे हे प्रयोजन. दुर्बोध चित्रपटात पहिली अट ठळकपणे पुरी होते. लुई ब्युन्युएल आणि साल्वादोर दाली यांच्या ‘आन्दालुसियाचा कुत्रा’ (१९२९) या लघुपटात तळहातातून मुंग्या निघतात. मुख्यार्थ जागच्या जागी कोसळतो. पण दुसरी अट? मुंग्यांचा कशाशी योग आहे? ज्यांचे बुद्धीला पटेल असे स्पष्टीकरण देता येईल अशी एकही प्रतिमा ठेवावयाची नाही, हा त्या दोघांचा निर्मितीचा नियमच होता. म्हणजे बाध आहे, योग नाही. आणि बाध सहन न होणारा प्रेक्षक योग स्वतःजवळचा घालतो. कोणी फ्रॉइड घालतो, कोणी मार्क्स, मी कठोपनिषद घातले. हा योग चित्रपटातून निघालेला नसून आपल्या अस्वस्थतेवर आपणच घातलेले ठिगळ आहे, हे आपण स्वतःशीही कबूल करत नाही. अर्थनिर्णयनातील अप्रामाणिकपणा बहुधा येथे सुरू होतो. चुकीचा अर्थ लावणे हा दोष क्षम्य आहे. अर्थ लावला नसता तर आपण उघडे पडलो असतो, या भीतीने तो लावणे ही निराळी गोष्ट आहे.

याच्या विरुद्ध बाजूला अभिनवगुप्त उभा आहे आणि त्याला टाळून जाणे बरे नव्हे. रसप्रतीतीतील सात विघ्ने सांगताना त्याने पहिले विघ्न प्रतीतीची अयोग्यता, संभावनाविरह, हे सांगितले आहे. जे घडणे संभवतच नाही असे वाटते त्यात चित्त विसावू शकत नाही, आणि चित्त विसावले नाही तर रस नाही. हा आक्षेप सनातनी म्हणून झटकून टाकता येत नाही. थिएटरमधून उठून जाणारा प्रेक्षक हेच म्हणत असतो, फक्त त्याला संस्कृत येत नाही. अभिनवगुप्ताचा या विघ्नावरील उपायही पाहण्यासारखा आहे: लोकोत्तर घटना दाखवावयाच्या तर त्या रामासारख्या विख्यात पात्राच्या ठिकाणी दाखवाव्यात, म्हणजे दीर्घ परिचयाने रुजलेला विश्वास त्या घटनांना आधार देईल. म्हणजे असंभाव्याला विरोध नाही. विश्वासाशिवाय आलेल्या असंभाव्याला विरोध आहे. आता प्रश्न असा, की ज्या चित्रपटामागे रामकथा नाही त्याने हा विश्वास कोठून आणावा?

येथे मला त्या उत्तरपत्रिकेतील वाक्याकडे परत यावे लागते.

कोडे आणि लपाछपी यांत एक मूलभूत भेद आहे. कोड्याला उत्तर असते, आणि उत्तर मिळताच कोडे मरते. लपाछपीत उत्तर नसते, कोणीतरी लपलेले असते. लपणारा शोधला जाण्यासाठी लपतो, आणि ज्याच्यावर राज्य असते तो या भरवशावर आकडे मोजतो की डोळे उघडल्यावर शेजारच्या वाड्यात, कणगीमागे, कोठेतरी तो असेल. सर्व खेळ या न बोललेल्या करारावर चालतो. दिग्दर्शकावरील विश्वास हा अशा प्रकारचा आहे. तो अर्थ सांगेल असा विश्वास नव्हे. तो तेथे आहे, एवढाच. डेव्हिड लिंच (निधन २०२५) यांनी आपल्या चित्रपटांचा अर्थ सांगण्याचे जन्मभर नाकारले. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (२००१) डीव्हीडीवर आला तेव्हा त्याबरोबर दहा खुणांचे एक पत्रक होते. प्रेक्षकांनी त्या खुणांवर वर्षे घालवली. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या तबकडीवर लिंच यांनी चित्रपटाची प्रकरणे पाडू दिली नाहीत. म्हणजे शोधावयाचे असेल तर सगळे घर हिंडा, थेट खोलीत उडी मारता येणार नाही. लपलेल्याने खेळाचा मान राखण्याची ही एक रीत आहे.

आणि मग ढोंगी दुर्बोधता कशी ओळखावी, या प्रश्नाचेही एक उत्तर हाती येते. खेळातला सर्वांत वाईट अनुभव सापडू न शकणाऱ्या गड्याचा नसतो. आपण संध्याकाळभर शोधत असताना तो केव्हाच घरी जाऊन जेवायला बसलेला असतो, तो अनुभव वाईट. महोत्सवांसाठी बेतलेल्या कित्येक चित्रपटांत, नावे घेण्याचे कारण नाही, हेच घडते: लांबलेली दृश्ये, धुके, घोडा, पाठमोरी स्त्री, आणि मागे कोणी नाही. हे पहिल्या पाहण्यात कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पाहण्यात मात्र अशा चित्रपटाचे वर्णन अधिक नेमके होत नाही, ते होते तेवढेच राहते. ‘विहीर’चे तसे झाले नाही. गेल्या काही वर्षांत मी तो चार वेळा पाहिला आणि प्रत्येक वेळी त्या विद्यार्थ्याच्या उत्तरातली एखादी नोंद, जी मला फापटपसारा वाटली होती, पडद्यावर आपल्या जागी सापडत गेली. खेळात याला धप्पा म्हणतात. शोधणाऱ्याच्या पाठीवर मागून थाप पडते आणि राज्य पुन्हा त्याच्यावरच येते.

४

एवढ्यावर थांबलो असतो तर दायित्वाचा प्रश्न सोपा झाला असता: लपलेल्याला शोधत राहा. परंतु ‘विहीर’मधील नचिकेतला सापडावयाचे आहे काय, ही शंका मला स्वस्थ बसू देत नाही. आणि याच शंकेने मला आमच्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका चित्रपटाकडे आणले. तो दुर्बोध नाही, उलट फार लवकर कळलेला आहे.

२०१४ च्या प्रारंभी, महिन्याभराच्या अंतराने, दोन चित्रपट भारतीय चित्रपटगृहांत आले. जानेवारीत कमल स्वरूप यांचा ‘ओम-दर-ब-दर’ आला. १९८८ मध्ये पूर्ण झालेला आणि पंचवीस वर्षे रीतसर प्रदर्शित न झालेला हा हिंदी चित्रपट अतिवास्तवाचे आपल्याकडचे बहुधा सर्वांत निखळ उदाहरण आहे: अजमेर-पुष्करची पार्श्वभूमी, सरकारी नोकरी सोडून ज्योतिष सांगणारे वडील, श्वास रोखून धरण्यात तरबेज असलेला मुलगा, बेडूक आणि हिरे. मराठी वाचकाला हे दिग्दर्शक अगदी परके नाहीत. ‘युक्त’ या सहकारी गटाने १९७६ मध्ये केलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ या चित्रपटाच्या दिग्दर्शनात मणी कौल, के. हरिहरन आणि सईद मिर्झा यांच्यासमवेत तेही होते. १४ फेब्रुवारीला नागराज मंजुळे यांचा ‘फॅन्ड्री’ आला. मंजुळे यांनी संज्ञापनविद्येचे शिक्षण नगरमध्ये घेतले आणि ‘फॅन्ड्री’चे गाव नगरजवळचे अकोळनेर आहे. पहिल्या चित्रपटाविषयी सगळे म्हणाले, काहीच कळले नाही. दुसऱ्याविषयी सगळे म्हणाले, सगळे कळले. मला यातील दुसरे विधान अधिक काळजीचे वाटते.

‘फॅन्ड्री’तील काळी चिमणी घेऊ. कैकाडी समाजातला जब्या त्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, कारण ती जाळून तिची राख शालूवर टाकली की शालूचे मन आपल्याकडे वळेल, असे त्याने ऐकले आहे. परीक्षणांत, चर्चासत्रांत, माझ्या स्वतःच्या एका निबंधात ही चिमणी स्वातंत्र्याचे प्रतीक झाली, अप्राप्य सौंदर्याचे झाली, जातिव्यवस्थेने नाकारलेल्या स्वप्नाचे झाली. यांतले काहीही चूक नाही. पण जब्याला प्रतीक नको आहे. त्याला चिमणी हवी आहे, खरी, पिसांची, जाळता येईल अशी. त्याच्या लेखी तो उपाय आहे. तिला प्रतीक म्हणताच आपण सुसंस्कृतपणे त्याच्या हातून ती काढून घेतो आणि आपल्या संग्रहात ठेवतो. जे दुर्बोध होते, म्हणजे एका मुलाची एका पक्ष्यावरील गाढ, व्यावहारिक श्रद्धा, ते सुबोध झाले आणि गेले. येथे मुख्यार्थाला बाध आलेलाच नव्हता. बाध आमच्या सुशिक्षित मनाला आला होता.

आणि लपणे. डुकरे पकडावयाच्या कामी कुटुंबाबरोबर जब्याला जावे लागते. शाळेतली मुले पाहतात, शालू पाहते, म्हणून तो आडोशाला लपतो. बाप त्याला शोधून बाहेर ओढतो. आजूबाजूला बसलेले लोक मजा पाहत असतात. या खेळात सापडणे म्हणजे बेअब्रू होणे. येथे राज्य कोणावर आहे? शोधणाऱ्या बापाला काम पुरे करावयाचे आहे, त्याच्यावर ते गावाने आणले आहे. मजा पाहणाऱ्यांवर काहीच नाही, ते खेळात नाहीतच, आणि म्हणूनच त्यांना सगळे स्पष्ट दिसते. दुर्बोधता त्यांच्या वाट्याला येत नाही. चित्रपट पाहताना आपल्याला सगळे कळते आहे असे वाटू लागले की आपण कोठे बसलो आहोत हे एकदा तपासून पाहावे, असे मला या दृश्यामुळे वाटू लागले. अखेरीस जब्याचा दगड पडद्याच्या दिशेने येतो. त्या दगडाचाही अर्थ आम्ही चोवीस तासांत लावून मोकळे झालो: तो प्रेक्षकाला, म्हणजे आपल्याला, मारलेला आहे. हे आम्ही एकमेकांना इतक्या समाधानाने सांगितले की तो कोणालाच लागला नाही.

तेव्हा शोधत राहण्याइतकेच, कोठे थांबावे हेही दायित्वात येते. समीर नचिकेतच्या मागे जातो, पण त्याला ओढून वर आणण्यासाठी तो जात नाही. तो पाण्यात उतरतो, म्हणजे लपणाऱ्याच्या जागी जातो. सुसान सॉण्टॅग यांनी अर्थनिर्णयनाच्या विरोधात १९६४ मध्ये जो प्रसिद्ध निबंध लिहिला त्यात कलाकृतीच्या पृष्ठभागाचे प्रेमाने केलेले अचूक वर्णन समीक्षकांकडे मागितले होते. मी तो निबंध कित्येक वर्षे शिकवला. शिकवीत असतानाच एका विद्यार्थ्याने ते वर्णन माझ्यासमोर ठेवले, आणि मी त्याला नापासाच्या काठावर आणून सोडले.

आंद्रेई तार्कोव्हस्की यांनी आपल्या पुस्तकाच्या आरंभी ‘आरसा’ (१९७५) पाहिलेल्या प्रेक्षकांची पत्रे दिली आहेत. काहींत संताप आहे: असा निरर्थक चित्रपट दाखवलाच कसा? आणि एका बाईने आपले बालपण असेच होते, हे तुम्हाला कसे कळले, असे विचारले आहे. पहिल्या प्रकारच्या पत्रांना आपण अडाणी समजतो. मला आता तसे वाटत नाही. संतापलेल्या माणसावर राज्य आलेले असते आणि ते त्याला नको असते, पण आलेले आहे हे तो नाकारत नाही. तो पत्र लिहितो. माझ्यासारखा प्राध्यापक संतापत नाही, तो कठोपनिषद काढतो.

५

उत्तरपत्रिका ठराविक मुदतीनंतर नष्ट केल्या जातात, तशी तीही झाली असणार. नऊ हा आकडा मला आठवतो. तो विद्यार्थी उत्तीर्ण झाला, नंतर त्याची गाठ पडली नाही.

मागच्या वर्षी त्याच अभ्यासपत्रिकेची प्रश्नपत्रिका काढताना मी ‘चित्रपटाचा अर्थ स्पष्ट करा’ हा नेहमीचा प्रश्न काढून टाकला आणि त्या जागी ‘चित्रपटाच्या शेवटच्या दहा मिनिटांत काय दिसले व ऐकू आले ते क्रमाने लिहा, जे कळले नाही त्याचीही नोंद करा’ असा वीस गुणांचा प्रश्न घातला. तपासणीसाठी तो सहकाऱ्यांपुढे गेला तेव्हा आक्षेप आला, आणि तो योग्य होता. न कळल्याच्या नोंदीला गुण कोणत्या निकषावर द्यावयाचे? एकाने लिहिले ‘शेवटचा प्रसंग कळला नाही’ आणि दुसऱ्याने लिहिले ‘पाण्याखाली आवाज बंद का होतो ते कळले नाही’, तर दोघांत फरक किती गुणांचा? नमुना उत्तर काय जोडावयाचे? मी नमुना उत्तर लिहावयास बसलो. दृश्य समोर लावून, थांबवून, पुन्हा सुरू करून तीन पाने झाली. शेवटी राज्याविषयीचे ते वाक्य लिहावे असे वाटत होते, पण ते माझे नव्हते. सहकाऱ्यांकडे मी आठ दिवसांची मुदत मागितली. ती संपली, आणि त्या परीक्षेला जुनाच प्रश्न गेला.